नाव कोरलेली तलवार आणि बिननावाची समई

१/ २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात एक मराठा तलवार विक्रीस आली. पाते युरोपीय घडणीचे. त्यावर देवनागरी अक्षरांत, सोन्याच्या जडावाने लिहिलेले नाव मात्र नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचे. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. खर्च सुमारे ४७ लाख रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तलवार मुंबईस पोहोचली.

२/ ही तलवार आपली आहे हे ओळखू आले, कारण तिच्यावर मालकाचे नाव होते. ज्या वस्तूंवर कोणाचेही नाव नसते, त्या देशाबाहेर जातात तेव्हा बातमी होत नाही, आणि त्या परत मागायला कोणी जात नाही. अशा वस्तूंचा विचार करायला पनवेल हे योग्य ठिकाण आहे.

३/ पनवेल पूर्वापार मालाच्या वाटेवरचे गाव. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या खाडीवर येई आणि तेथून पाण्यावाटे मुंबईस जाई. अशा वर्दळीच्या गावात वाडे उभे राहिले. त्यांत सागवानी खांब आले, कोरीव चौकटी आल्या, देवघरातल्या पितळी समया आल्या आणि माळ्यावरच्या पेट्यांत मोडी कागदांची रुमाले साठली. आज जवळच १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर आहे, नवा विमानतळ आहे, आणि जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत.

४/ वाडा उतरवला की लाकूड वखारीत जाते, भांडी मोडीत जातात, कागद रद्दीत. या नेहमीच्या वाटांना आता आणखी एक वाट फुटली आहे. मोबाइलवर समईचे छायाचित्र टाकावे, आणि परदेशातल्या एखाद्या हौशी संग्राहकाने मोडीच्या कित्येक पट किंमत देऊ करावी. वारसांच्या वाटण्या आणि नव्या घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला हा मोह पडणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देण्यापूर्वी त्याला कायदा ठाऊक आहे का, हे पाहायला हवे.

५/ पुरावस्तू आणि कलावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, चित्रे, कारागिरीच्या वस्तू या पुरावस्तू ठरतात. इमारतीपासून सुटा केलेला भागही त्यात येतो. म्हणजे वाड्याचा कोरीव खांबसुद्धा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५ वर्षे पुरेशी आहेत.

६/ अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र शासनाला आणि त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. इतरांनी पाठवल्यास किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि दंड. टपालाने गेलेले छोटे पार्सलही निर्यातच होय. देशात विक्रीला बंदी नाही. मात्र पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही वर्गांची नोंदणीही सक्तीची आहे. वस्तू पुरावस्तू आहे की नाही अशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासून दाखला घेता येतो.

७/ जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिरातींची गोष्ट निराळी. तेथे वस्तू जातच नाही, जातो तो विकणाऱ्याचा पैसा. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून कर आणि दलाली उकळणाऱ्यांविषयी खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते.

८/ कायदा मोडून गेलेली वस्तू परत कशी येते? तमिळनाडूतील श्रीपुरंदन गावच्या मंदिरातून चोरीस गेलेला चोळकालीन नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ५० लाख डॉलरांहून अधिक किमतीस घेतला. सोबत मालकीची बनावट कागदपत्रे होती. परंतु पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे मूर्ती मंदिरात असतानाचे छायाचित्र होते. ती जुळली, आणि २०१४ साली नटराज भारतात परतला. तलवारीसाठी जे काम कोरलेल्या नावाने केले, ते मूर्तीसाठी एका छायाचित्राने केले.

९/ समईपाशी यांपैकी काहीच नसते. ती कोणत्या देवघरात तेवत होती, कोणी कोणाला आंदण दिली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असते. परदेशी पोहोचेपर्यंत ती नुसती ‘भारतीय पितळी दिवा’ होते. मग ती परत विकत घेतली, तरी पनवेलचे ते घर तिच्यासोबत परत येत नाही.

१०/ दिनकर केळकर यांनी हे ओळखले होते. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असे घरगुती धन त्यांनी आयुष्यभर जमवले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे सुटे अवशेष आणून संग्रहालयात पुन्हा उभारले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाचा हा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वाड्यांतून निघालेल्या वस्तूंना इथेच घर मिळू शकते, याचा हा पुरावा पुण्यात आजही पाहता येतो.

११/ प्रत्येकाला संग्रहालय काढता येणार नाही. पण माळ्यावरची पेटी उघडून प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढणे, मागे तारीख घालणे, आणि आजीला विचारून ती कोणाची, कोठून, कधी आली हे चार ओळींत लिहून ठेवणे एवढे कोणालाही जमते. मोडी कागद असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांना दाखवावेत. ज्या वस्तूवर नाव कोरलेले नाही, तिचे नाव निदान वहीत तरी असावे.