चिठ्ठीवरचे नाव

नगरपालिकेच्या निवडणुकीत जिला ‘चिठ्ठी’ म्हणतात ती पेटीत टाकायची नसते. मतदाराचे नाव, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र एवढेच लिहिलेला तो तळहाताएवढा कागद असतो, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत उमेदवारांचे कार्यकर्ते तो घरोघर पोचवतात. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागली जाते. त्यामुळे अनुक्रमांक बदलतो, कधी केंद्रही बदलते, आणि गेल्या वेळच्याच शाळेत गेलेला माणूस दारातून परत फिरतो. आचारसंहितेप्रमाणे ही चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी लागते आणि तिच्यावर उमेदवाराचे नाव, पक्ष किंवा चिन्ह असता कामा नये. प्रचाराच्या एवढ्या कागदांत मत मागणाऱ्याचे नाव नसलेला आणि देणाऱ्याचे असलेला कागद हा एवढाच.

अनेक वर्षे रखडलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुकांसाठी 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले, त्याच्या आदल्या दिवशी प्रस्तुत लेखिकेच्या घरी चार चिठ्ठ्या आल्या, त्यांतली एक तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आजीची होती. चिठ्ठी आणणाऱ्या मुलाने यादीतले वय पाहून अदबीने विचारले, “आजींसाठी केंद्रावर चाकाची खुर्ची सांगून ठेवू का?” त्याला उत्तर द्यायला घरातल्या कोणालाच पटकन जमले नाही.

चिठ्ठ्या हाताने लिहिल्या जात त्या काळात ‘यादी फोडणे’ हे मोठे काम असे. छापील यादीतली नावे गल्लीनुसार आणि घरानुसार वेगळी काढून वाटून घ्यायची, याला कार्यकर्ते यादी फोडणे म्हणत. पुढचे लिहिण्याचे काम सुवाच्य अक्षराच्या शाळकरी मुलांना ओटीवर बसवून करून घेतले जाई. सातवीत असलेल्या लेखिकेच्या वाट्याला स्वतःचीच गल्ली आली, म्हणून आजीची चिठ्ठीही तिच्याच अक्षरात झाली. आजीला वाचता येत नव्हते. तिने कागद उजेडाकडे धरला, उलटसुलट पाहिला आणि नातीला वाचायला सांगितले, आडनाव, नाव, पतीचे नाव असे वाचून झाल्यावर ती म्हणाली, “परत वाच.” ते नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून ठेवलेले होते, पण सासरी तिला त्या नावाने कोणी हाक मारली नाही, ती आधी सूनबाई, मग वहिनी, काकू, आई आणि शेवटी आजी झाली, आणि माहेरी जुनेच नाव चालू राहिले. त्या संध्याकाळी ते नाव तीनदा वाचले गेले.

येथे 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची नोंद करणे भाग आहे, जरी तिचा या ओटीशी थेट संबंध नाही. स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगणाऱ्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे तेव्हा यादीत राहू शकली नाहीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरण्यास नकार दिला होता. या स्त्रिया बहुतांशी उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. निर्णय योग्य होता असेच अभ्यासक मानतात, आणि तो योग्यच होता. तरीही त्या 28 लाख जणींना त्या वर्षी मत देता आले नाही.

जाहीर प्रचार थांबला की ‘मतदान काढणे’ सुरू होते, म्हणजे आपल्या बाजूच्या मतदाराला घरातून केंद्रापर्यंत नेणे. यादीवर खुणा होतात: आपले, विरोधी, काठावरचे. जे नक्की आपले त्यांना ‘हक्काचे मतदान’ म्हणतात, आणि या शब्दावर लेखिकेचा राग आहे, तो जाणारा नाही. एका निवडणुकीत आजीच्या नावापुढे हक्काची खूण पडली, म्हणून सगळे कार्यकर्ते काठावरच्यांच्या दारात गेले, आणि तिच्याकडे चिठ्ठी घेऊन कोणी आलेच नाही. घरची माणसे परगावी होती. इरकली नेसून, पायात चपला घालून ती दाराशी खुर्चीवर बसून राहिली. साडेपाचला मतदान संपले तेव्हा तिने चपला काढल्या. ज्याला ती मत देणार होती तो उमेदवार निवडून आला, आणि त्याच्या माणसांना आपले काही चुकले असे कधी वाटले नाही.

आता याद्या मोबाइलमध्ये असतात, नाव टाकले की चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि ही सोय निःसंशय चांगली आहे. मात्र नाव मोठ्याने वाचून दाखवायला कोणीतरी दारात यावे लागते; डिसेंबरात आलेला तो मुलगा तेच करत होता, आणि त्याने आजीचे नाव पूर्ण आणि अचूक वाचले.

मृत मतदाराचे नाव वगळण्यासाठी नमुना 7 हा अर्ज भरावा लागतो, आणि तो भरायलाच हवा, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने मत टाकण्याची वाट मोकळी राहता कामा नये. अर्ज घरात आणून ठेवला आहे. ज्या रकान्यात वगळायचे नाव लिहायचे, तो अजून कोरा आहे.