बैलाला बक्षीस ट्रॅक्टर

आमचं निमगाव म्हणजे निमगाव सावा, जुन्नरच्या पूर्वेचं. बैलगाडा शर्यतीच्या घाटासाठी नाव आहे ते खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीचं, खंडोबाचं. पण शर्यतीतली 'भिर्रर्र'ची आरोळी ऐकली की हातातलं काम टाकायचा रोग दोन्ही निमगावांना सारखाच.

आमच्या लहानपणी बैल वर्षभर औत ओढायचा आणि यात्रेपुरता पळायचा. आता तो फक्त पळतो. औताला ट्रॅक्टर आहे, कुकडीच्या पाण्यावर ऊस आहे, आणि गोठ्यात पंख्याखाली, मच्छरदाणीत 'घाटाचा राजा' उभा आहे. त्याला दूध, अंडी, बदाम. घरातल्या पोरांना बिस्किटाचा पुडा.

पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाला नवसाचा गाडा असला की बैल आदल्या दिवशीच पायी निघायचे. त्याच्या आधीचं काम आम्हा पोरांचं: घुंगरमाळ चिंचेनं घासायची. एकेक घुंगरू बोटानं फिरवत, पितळ पिवळंधमक होईपर्यंत. बोटं आंबट होऊन भेगाळायची. आजी दारात बैलाच्या पायांवर पाणी घालायची, कुंकू लावायची, मीठ-मोहऱ्या उतरवायची. वाटेत कुणाच्याही खळ्यावर मुक्काम पडायचा. समोरचा आधी 'बैल कुणाचे?' विचारायचा, माणसाचं नाव नंतर. पुढे जुकाटाला एका घरचे बैल, मागे धुरेला भावकीतल्या दुसऱ्या घरचे. बांधावरून वर्षभर बोलाचाल बंद असली तरी घाटात मात्र दोघांचा गाडा एक.

आता बैल पिकअपमधून येतात, बारी मारतात आणि दुसऱ्या गावचा घाट गाठायला निघतात. भावकीच्या गाड्याची जागा स्पीकरवरून पुकारल्या जाणाऱ्या दोन मालकांच्या 'जुगलबंदी'नं घेतली. गाडा सुटलेला दिसतो यूट्यूबवर, तोही घाटात उभं राहून. पुढच्याच्या डोक्यामुळे खरा दिसत नाही म्हणून.

हे सगळं वाईट झालं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण आम्ही काय करत होतो ते आठवतं. पराणीला आर असायची आणि ती खुपसणाऱ्याचं कौतुक व्हायचं. शेपट्या पिरगाळल्या, चावल्यासुद्धा. कुणी बैलाला दारू पाजायचं, उरलेली स्वतः प्यायचं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा आम्ही छाती पिटली, पण न्यायालयात मांडलेलं सगळंच काही खोटं नव्हतं. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, आणि त्या कायद्याच्या नियमांत काठी नाही, चाबूक नाही, डॉक्टरचा दाखला लागतो. नियम सगळीकडे पाळले जातात असं मी लिहिलं तर गाववाले हसतील. तरी बैलाचे हाल पूर्वीपेक्षा कमी आहेत.

बंदी आली म्हणून छाती पिटणारे आम्हीच नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियानं 2010 मध्ये बैलझुंजीवर बंदीचा कायदा केला, 2016 मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानं तो रद्द केला. तरी बार्सिलोनाच्या आखाड्यात झुंज काही परतली नाही. आमच्याकडे उलट. कोर्टानं वाट मोकळी करायचा अवकाश, घाट पुन्हा तुडुंब. तिकडचा बैल चार-पाच वर्षं पोसतात तो वीसेक मिनिटांसाठी, आमचा पोसतात बारा-तेरा सेकंदांसाठी. फरक इतकाच की आमचा संध्याकाळी दावणीला परत येतो.

खिलार जातीचा बैल वाचवायला शर्यत हवी, असं आपण कोर्टात सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण खिलार शेतातून काढला कुणी? ना कोर्टानं, ना प्राणीमित्रांनी. आपणच काढला, आणि काढला ते शहाणपणाचंच झालं. दिवसभर कुळवामागे चालून पाहिलेल्या माणसाला विचारा. आता मोठ्या शर्यतींत पहिल्या नंबराला ट्रॅक्टर देतात. ज्यानं बैलाला बेकार केलं तोच त्याला बक्षीस. फेटा बांधून मालक त्या ट्रॅक्टरवर बसतो, फोटो निघतो, आणि यात एकालाही हसू येत नाही.

पौष पौर्णिमेला थापलिंगला या. ऊन लागतं, टोपी आणा. भेळभत्ता, गोडीशेव तिथं मिळेल. आणि एखाद्या गाडामालकाशी ओळख निघालीच तर एवढं विचारा, की हा बैल शेवटचा औताला कधी जुंपला होता?