छावणीला सातबारा नसतो

साताऱ्याकडच्या कुठल्याही लग्नात दोन अनोळखी म्हातारे शेजारी बसले आणि त्यांतल्या एकाची पाठ जरा जास्तच ताठ असली, की दुसरा लगेच ओळखतो. मग नाव, गाव, वरपक्षाचे की वधूपक्षाचे, या चौकश्या मागे पडतात. पहिला प्रश्न येतो, "सेंटर कुठलं?" आणि पाठोपाठ, "भरती कुठल्या सालातली?" उत्तर 'बेळगाव' असलं तर खुर्ची जवळ ओढली जाते, कारण मग दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. 'नाशिकरोड' आलं तर समोरचा तोफखान्यातला, 'खडकी' आलं तर बॉम्बे सॅपर्सचा, 'नगर' आलं तर बहुधा रणगाड्यांचा, 'सागर' आलं तर महार रेजिमेंटचा. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांचं अख्खं ट्रेनिंग पुन्हा एकदा पार पडलेलं असतं.

अशा गप्पांच्या कडेला मी हौसेने बसत आलो आहे. सैनिक म्हटल्यावर आपण लढाईच्या गोष्टी ऐकायच्या तयारीत असतो. लढाईबद्दल ही माणसं फारसं बोलत नाहीत. "एकाहत्तरला होतो की," एवढ्यावर विषय संपतो. ट्रेनिंगच्या पहिल्या हिवाळ्याला मात्र तासनतास पुरत नाहीत. पहाटेचा फॉल-इन, गार पाण्याने दाढी, पीटीच्या मैदानावरचे फ्रंट रोल, दुपारी ड्रिल, संध्याकाळी गिनती. चूक झाली की पाठीवर पिठ्ठू चढवून मैदानाला फेऱ्या. या सगळ्याला एकच शब्द आहे, रगडा. गंमत अशी, की ज्या उस्तादाने सगळ्यांत जास्त रगडा दिला त्याचंच नाव सगळ्यांत प्रेमाने निघतं. "लई खडूस होता," असं म्हणताना तोंडावर हसू असतं.

आमच्या गल्लीतले सुभेदार साहेब थ्री नॉट थ्री रायफल शिकून निघालेल्या पिढीतले. त्यांच्या माडीवर काळी लोखंडी पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. हुद्द्याची जागा तेवढी जाड दिसते, कारण प्रत्येक बढतीला जुनं अक्षर काळ्या रंगाने पुसून त्यावर नवं लिहिलेलं. शिपाई, नायक, हवालदार, नायब सुभेदार, असे चार थर बोटाला लागतात. जन्मतारीख विचारली तर साहेब क्षणभर थांबतात, कारण शाळेतली वेगळी आणि आईने सांगितलेली वेगळी. नंबर मात्र झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा येतो. पेटीत एक घोंगडी आहे. तिची घडी ते आजही कुणाला घालू देत नाहीत. कडा बाहेर दिसता कामा नये आणि चारी कोपरे एका रेषेत यायला हवेत. सूनबाई एकदा म्हणाल्या, "मामंजी, आता कोण तपासायला येणार आहे?" साहेब म्हणाले, "तपासायला येणारा इथंच बसलाय," आणि घडी पुरी केली.

एकदा मी साहेबांना विचारलं, तुमची ट्रेनिंगमधली बराक अजून आहे का? बेळगावचं सेंटर जागेवर आहे, तिथे आजही रंगरूट कसम परेडला उभे राहतात. पण साहेबांच्या वेळची कौलारू बराक पाडून तिथे नवी इमारत आली आहे. पुढे ज्या ज्या ठाण्यांवर ते राहिले त्यांतली काही उठून गेली, काहींची नावं बदलली, काही ठिकाणी आता दुसऱ्याच दलाची पाटी आहे. गावाकडच्या घराची भिंत पडली तर माणूस भावकीशी भांडतो, तलाठ्याकडे खेटे घालतो, उतारा काढतो. छावणीला सातबारा नसतो. ती जमीन संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरात नोंदलेली असते आणि त्यात तिथे राहून गेलेल्या शिपायांची नावं येत नाहीत. तिथे ग्रामदैवत नाही, यात्रा नाही, पिढीजात शेजारी नाही. सगळे हुकमाने येतात आणि हुकमाने जातात. तरीही ज्या वयात माणूस घडतो ते वय तिथे खर्ची पडलेलं असतं. मालकी कसलीच नाही आणि माया मात्र जन्माची, असं हे नातं आहे.

सैन्याच्या इतिहासात अशा उठून गेलेल्या जागा पावलोपावली भेटतात. देवळालीच्या तोफखाना शाळेचं मूळ घर काकूल. तिथे आज पाकिस्तानची लष्करी अकादमी आहे. खडकवासल्याच्या एनडीएची पहिली वर्षं डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाउनमध्ये गेली. 1949 साली तिथे जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली, तीही दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांसाठी उभारलेल्या छावणीच्या जागी. 1955च्या जानेवारीत अकादमी खडकवासल्यात स्थिरावली. या खडकवासल्याच्या तलावावरही महायुद्धाच्या काळात सैनिकांना बोटींतून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण देणारं केंद्र होतं. म्हणजे एका मोडलेल्या छावणीतून निघून दुसऱ्या मोडलेल्या छावणीवर बिऱ्हाड. 1962च्या युद्धानंतर अधिकाऱ्यांची निकड भासली तेव्हा मद्रासला आणि पुण्याला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली. मद्रासची शाळा आज चेन्नईची नावाजलेली अकादमी आहे. पुण्याची थोड्याच काळात बंद झाली. तिथून तारे लावून थेट पल्टनीत गेलेले अधिकारी आज ऐंशीच्या पुढे आहेत. "आमची शाळा" म्हणून नातवाला नेऊन दाखवावं तर फाटकच उरलेलं नाही.

सगळ्यांत विलक्षण छावणी हिंद नगरची. कोरियातलं युद्ध 1953मध्ये थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या 22,000हून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, तेव्हा मेजर जनरल. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते. म्हणून जहाजाने आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे तंबूंची वस्ती वसली, तिचं नाव हिंद नगर. काम नाजूक होतं. कैदी हट्टाला पेटलेले, दोन्ही बाजूंचा संशय, आणि कोरियाची थंडी. 1954च्या सुरुवातीला काम उरकलं आणि तंबू गुंडाळले गेले. तो पट्टा आजही तारांनी आणि सुरुंगांनी वेढलेला आहे. नकाशावर नसलेल्या त्या गावात काही हजार भारतीयांनी एक हिवाळा काढला, आणि त्या गावचा रहिवासी म्हणवून घ्यायला आज क्वचितच कुणी हयात असेल.

उलटही घडतं. छावणी उठते आणि कुणाचं तरी गाव होते. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. युद्ध संपलं, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. फाळणी झाली तेव्हा लाखाच्या घरात सिंधी निर्वासित त्याच बराकींत उतरले. एका लांबलचक खोलीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पण तिथला पत्ता आजही कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंतच सांगितला जातो. नगरजवळच्या अरणगावात पहिल्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या ब्रिटिश छावणीच्या वास्तूंत 1923 साली मेहेरबाबा आपल्या मंडळींसह येऊन राहिले. फौजेच्या पाण्याच्या टाकीपाशी आज जगभरचे भाविक माथा टेकतात. शिपायाला जे जमत नाही ते निर्वासिताला आणि साधूला जमलं, कारण त्यांच्यामागे बदलीचा हुकूम नव्हता.

आता तर कागदावरूनच पुष्कळ काही उतरत चाललं आहे. 2016मध्ये संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी एक समिती नेमली. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर. लढणाऱ्या फौजेवरचा बाकीचा बोजा कमी कसा करायचा, हा विषय. त्यात मिलिटरी फार्मही आले. 1889 साली अलाहाबादला सुरू झालेली ही दुधाची व्यवस्था 31 मार्च 2021 रोजी पुरी बंद झाली, 132 वर्षांनी. ब्रिटिश पलटणींना चांगलं दूध मिळावं म्हणून जन्मलेले हे गोठे पुढे लेह-कारगिलपर्यंत पोहोचले होते. फ्रीजवाल नावाची संकरित गाय इथलीच. शेवटी गाई नाममात्र किमतीत सरकारी खात्यांकडे आणि सहकारी दूध संघांकडे गेल्या. 2023मध्ये हिमाचलातल्या योलचं छावणी मंडळ रद्द झालं, आणि पुणे, देवळाली, नगरच्या छावण्यांतल्या नागरी वस्तीचं पुढे काय, याची चर्चा आपल्याकडेही सुरू झाली. सुभेदार साहेबांना हिशोब पटतो. "दूध काय, आता पिशवीत कुठंबी मिळतंय. त्याला पल्टन कशाला पायजे?" असं तेच म्हणतात. आणि लगेच आठवतो तो लंगरातला चहा, फार्मच्या दुधाचा, मगाच्या काठापर्यंत भरलेला, दोन्ही तळवे शेकून निघतील असा. हिशोब आणि चहा यांत त्यांना विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही.

पल्टनीचे इतिहास छापलेले असतात. त्यांत लढाया, पदकं, कमांडिंग अधिकाऱ्यांची यादी असते. लंगरामागे कुठलं झाड होतं, शिक्षेच्या फेऱ्या कुठल्या कोपऱ्यावर अंगावर येत, पहिल्या रात्री मच्छरदाणीत तोंड खुपसून कोण रडला, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते या माणसांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहे. दर नोव्हेंबरात ही मंडळी हयातीचा दाखला द्यायला बाहेर पडतात. हल्ली पेन्शनसाठी 'स्पर्श' ही ऑनलाइन व्यवस्था आली आहे, मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, तरी बरेच जण मुद्दाम रांगेत येतात, कारण रांगेत सेंटर विचारणारा भेटतो. सरकार माणसाच्या हयातीचा पुरावा मागतं. छावणीचा कुणी मागत नाही. तो ही मंडळी रांगेत उभ्या उभ्या एकमेकांना देऊन मोकळी होतात.

कुणाच्या घरात असा म्हातारा असेल तर त्याला बोलतं करायची एक युक्ती सांगतो. लढाईचं विचारू नये. उस्तादाचं नाव विचारावं, आणि हातातलं काम आधी उरकून घ्यावं.