सबुरीचा सल्ला

आमच्या धर्मग्रामात आज अशी आळी क्वचितच सापडेल, जिथे कुणाच्या ना कुणाच्या ‘गुडघ्याच्या वाट्या’ बदललेल्या नाहीत. ज्या पिढीने उभा जन्म वाडीत वाफे बांधण्यात आणि डोक्यावर भाजीच्या टोपल्या वाहण्यात घालवला, तिचे सांधे साठीनंतर कुरकुरणारच. शस्त्रक्रियेनंतर काठी टाकून मिस्सेला येणारी म्हातारी माणसे पाहिली, की आमचे मन भरून येते. परंतु ह्या आनंदाला एक दुसरी बाजू आहे. ती आम्ही ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून शिकलो. निदान एखाद्या घरी तिची पुनरावृत्ती टळावी, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या आईचा उजवा गुडघा २०११ साली बदलला. पुढे सात वर्षे तिने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. २०१८ च्या पावसाळ्यात टाचेच्या भेगेत चिखल जाऊन तिचा पाय सुजला. ती सूज ओसरते न ओसरते, तोच गुडघा ठणकू लागला. रात्री अंगात कणकण येई. धाकट्या बहिणीने आम्हांला फोन केला. तेव्हा आम्ही सणाच्या नोव्हेनांत गुंतलो होतो. “वयोमानाने दुखायचेच,” आम्ही म्हणालो. “पाय सुजला होता तेव्हाच्याच गोळ्या मेडिकलमधून आण आणि आईला सांग, थोडी सबुरी धर, हे दुखणे प्रभूच्या दुःखात मिळव.”

धर्मगुरू असलेल्या मुलाचा शब्द! आईने तो शिरोधार्य मानला. गोळ्यांनी ताप उतरला, गोळ्या संपताच परत चढला. पुन्हा गोळ्या. असे पाच आठवडे गेले. सण उरकून आम्ही घरी पोहोचलो, तेव्हा गुडघा लालबुंद झाला होता आणि हात ठेवताच चटका बसत होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी सुईने सांध्यातील पाणी काढून तपासणीस पाठवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आधी प्रतिजैविके कुणी दिली?” अशा अर्धवट गोळ्यांनी सांध्यातले जंतू मरत नाहीत, मात्र तपासणीत ते लपतात, मग नेमके औषध निवडणे अवघड होते. आम्ही मान खाली घालून उभे राहिलो.

त्यांनी समजावले ते असे. जिवंत हाडाला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आणि औषध तिथपर्यंत पोहोचतात. धातू आणि प्लॅस्टिक ह्यांना रक्त नाही. त्वचेच्या जखमेतून, किडक्या दातातून किंवा लघवीच्या संसर्गातून रक्तात शिरलेले जंतू कृत्रिम सांध्यावर जाऊन बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात. त्या थराखाली औषधाची मात्रा चालत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोगी आला, तर सांधा उघडून, धुऊन, प्लॅस्टिकचा सुटा भाग बदलून मूळ सांधा पुष्कळदा वाचवता येतो. थर पक्का झाल्यावर बहुधा सारेच काढावे लागते.

आईचे सारेच काढावे लागले. सांध्याच्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला. सहा आठवडे शिरेतून औषध चालले. सुमारे तीन महिन्यांनी, संसर्ग गेल्याची खात्री झाल्यावर, नवा सांधा बसला. दरम्यान हाड झिजल्यामुळे तो अधिक लांब दांड्याचा घ्यावा लागला.

त्याच वॉर्डात पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचे खुबे बारा वर्षांपूर्वी बदललेले. काही महिने उठताना त्यांची मांडी दुखत असे. घरच्यांनी ते म्हातारपणावर ढकलले. वस्तुतः मांडीच्या हाडातील धातूचा दांडा सैल झाला होता. न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि दांड्याच्या टोकापाशी हाड मोडले. धातू ताठ, म्हातारपणाचे हाड ठिसूळ. दोहोंच्या सांध्यावर सारा ताण एकवटतो. दांडा घट्ट असता, तर पट्टी आणि तारांनी हाड जोडून भागले असते. सैल दांडा मात्र काढून, मोडलेल्या जागेच्या खाली पोहोचेल असा लांब दांडा घालावा लागतो.

ह्यावरून कुणी शस्त्रक्रियेला भिऊ नये. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली ह्यांनी १९६२ साली आधुनिक खुब्याची शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हा शंभरांतल्या सुमारे सात रोग्यांना जंतुसंसर्ग होई. त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेली शुद्ध हवा खेळवली, शल्यविशारदांचे पोशाख बदलले आणि ते प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आणले. आज पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारणपणे शंभरांत एखाद-दुसऱ्यालाच असा संसर्ग होतो. पण तो एखादा कुणाची तरी आई असतो.

वाचकहो, बदललेला सांधा नव्याने दुखू लागला, गरम झाला, सुजला, जखमेतून पाणी झिरपू लागले, तर मेडिकलकडे न जाता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे जावे. आणि तेही त्याच आठवड्यात. मधुमेह आटोक्यात ठेवावा. पायाच्या भेगा आणि हिरड्या ह्यांची हेळसांड करू नये. न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, शेवाळलेली पायरी घासून घ्यावी, ठिसूळ हाडांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

रुग्णालयातून घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने आम्हांला विचारले, “बाळा, सबुरी धर म्हणालास, ते फादर म्हणून की मुलगा म्हणून?” तिच्या स्वरात राग नव्हता. आम्हांला उत्तर सुचले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर ते आजही सुचलेले नाही. दोहोंपैकी एकानेही त्या दिवशी घड्याळातला अर्धा तास काढून तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला नव्हता, एवढे मात्र खरे.

आता आम्ही आजाऱ्यांना भेटायला जातो, तेव्हा आशीर्वादाआधी विचारतो, “कुठे दुखते? कधीपासून? डॉक्टरांना दाखवले का?” सबुरीचा विषय त्यानंतर. आई काठी घेऊन अंगणात चालते. गुडघा पहिल्यासारखा वाकत नाही. ती खुर्चीवर बसून जपमाळ करते. रोज रात्री टाचांना खोबरेल लावते आणि आम्ही फोन केला, की आम्ही विचारण्याआधीच सांगते, “भेग नाही हो कुठे.”