तंजावूरच्या राजवाड्यातली मराठी

तंजावूरला जाणारे बहुतेक प्रवासी बृहदीश्वराचे मंदिर पाहतात, एखादे सोनेरी वर्खाचे चित्र विकत घेतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. राजवाड्यासाठी वेळ उरला तर उरला. मी मात्र मुद्दाम राजवाडा पाहायलाच गेले होते. मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतले आणि आता नोकरी म्हणून दिवसभर लॅपटॉपवर मजकूर लिहिते. तमिळ मुलखात एका मराठी राजाने जोपासलेले ग्रंथालय आहे, हे कॉलेजात असताना ऐकले होते. तेव्हापासून ते डोक्यात होते.

तिरुचिरापल्लीहून बसने दीडेक तासात तंजावूर येते. मंदिरापासून राजवाडा रिक्षाने अगदी जवळ. तो पहिल्या नजरेत दिपवून टाकत नाही. बाहेर रस्त्याची वर्दळ, आत कुठे डागडुजी केलेल्या तर कुठे रंग उडालेल्या भिंती. मूळ राजवाडा नायक राजांचा. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत तंजावूर भोसल्यांकडे राहिले. मराठा दरबाराच्या खांबांवर, कमानींवर आजही रंगीत नक्षी आहे. नायकांच्या दरबारात आता कलादालन आहे. तिथे चोळकाळातल्या कांस्यमूर्तींच्या सोबतीला सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा उभा आहे, हात जोडलेला.

हे सरफोजीराजे दुसरे. १७९८ मध्ये गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. हाती राहिला किल्ला, राजवाडा आणि ठरावीक उत्पन्न. वय अवघे बावीसच्या आसपास. जवळजवळ माझ्याच वयाचा माणूस, आणि ज्या कामासाठी वाढवले तेच काम हातातून गेलेले!

मग त्यांनी काय केले? पुस्तके जमवली. सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासून होते, ते त्यांनी कितीतरी पटींनी वाढवले. काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या जमवल्या. युरोपातून पुस्तके मागवली आणि त्यांतल्या अनेकांवर स्वतःची सही केली. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून नोंदी ठेवल्या जात.

ग्रंथालयाच्या संग्रहालयात यातले थोडेसेच पाहायला मिळते. ताडपत्रे, नकाशे, माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशेजारी मांडून काढलेली फ्रेंच चित्रे. मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती मोडी कागदांपाशी. भाषा मराठी, माझी. अक्षर मात्र एकही लागेना. शेक्सपियरच्या काळातले इंग्रजी मी तळटिपा बघत का होईना वाचते, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कारकुनाने लिहिलेला हिशेब मला वाचता येत नाही. काचेवर माझेच तोंड दिसत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. माझे बोलणे ऐकून शेजारचे एक आजोबा थांबले. "पुण्याहून का?" त्यांची मराठी तमिळ हेल काढणारी, काही शब्द तर फारच जुने. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा तमिळ झाली, त्यामुळे लिहिणे-वाचणे तमिळमध्येच. काचेतल्या कागदाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "तुम्हाला येते वाचायला?" मी मान हलवली. ते हसले आणि म्हणाले, "मग आपण दोघे सारखेच."

दुपारी पुन्हा मोठ्या मंदिरात गेले. तिथल्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. तो देवनागरीत आहे, म्हणून अक्षरे ओळखू आली. वाक्ये लांबलचक, काही शब्द अडत होते, तरी नावे लागत गेली. बाजूने माणसे प्रदक्षिणेला जात होती. उन्हात डोळे बारीक करून वाचत असताना मनात आले, मी लिहिलेला मजकूर आठवड्याभरात नव्या मजकुराखाली जातो. त्याची मला खंत नाही, पोटापाण्याचे काम आहे ते. पण जे लिहिले गेले ते पुढच्याला वाचता यावे, याची काळजी कुणीतरी घ्यावी लागते. दगडावर कोरले तरीही, कागद काचेत ठेवला तरीही.

तुम्ही गेलात तर राजवाड्याला निदान अर्धा दिवस द्या. ग्रंथालय स्वतः जुनी हस्तलिखिते छापून प्रसिद्ध करते, त्यांत मराठीही आहेत. मी एक पुस्तक घेतले आणि परतीच्या बसमध्ये चार पाने वाचली. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी जाणार आहे.