रिकामी झालेली भूमिका

‘बदली नट’ या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. पद कायम राहते आणि माणूस तेवढा बदलतो, हा कचेरीचा न्याय त्यात रंगभूमीला लावलेला असतो. गद्य नाटकाच्या बाबतीत तो काही अंशी खपून जातो. संगीत नाटकाचा प्रमुख गायक-नट निघून गेला म्हणजे मात्र, जी जागा भरून काढायची ती मुळात कोणती होती, हाच प्रश्न आधी उभा राहतो.

किर्लोस्कर मंडळीने हा प्रश्न दोन निरनिराळ्या रूपांत अनुभवला. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तले. त्यांची शकुंतला आणि सुभद्रा ज्यांनी ऐकली होती, त्यांच्यासमोर १९०५ मध्ये नारायणराव राजहंस शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. पुढे १९१३ मध्ये हेच नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. या दोन रिक्ततांचे स्वरूप सारखे नाही. मृत्यूने रिकामी झालेल्या जागेवर येणाऱ्याला स्मृतीशी सामना द्यावा लागतो. सोडून गेलेल्याच्या जागेवर येणाऱ्याला मात्र दुसऱ्या नाटकगृहात अद्याप गात असलेल्या जिवंत गळ्याशी. किर्लोस्कर मंडळीत त्यानंतर पुढे आलेले तरुण दीनानाथ मंगेशकरही १९१८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बलवंत संगीत मंडळी काढली. मंडळीचा इतिहास जणू अशा रिकाम्या होणाऱ्या जागांनीच लिहिला गेला.

याचे कारण संगीत नाटकाच्या घडणीत आहे. छापील संहितेत पदाचे शब्द असतात. फार तर चालीचा निर्देश असतो. पदाचा विस्तार किती करायचा, कोणत्या शब्दावर थांबायचे, ‘वन्समोअर’ आल्यावर तेच पद कोणत्या नव्या अंगाने मांडायचे, हे संहितेत नसते आणि असूही शकत नाही. ते नटाच्या गळ्यात असते. म्हणून नट जातो तेव्हा नाटकातील एक पात्रच तेवढे जाते असे नाही. नाटकाचा न लिहिलेला भाग त्याच्याबरोबर जातो. मागे उरलेले पुस्तक पूर्ण दिसते, पण ते पूर्ण नसते.

मग बदली आलेल्याने काय करावे? ‘मानापमान’मधील धैर्यधराचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९११ मध्ये खाडिलकरांचे हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. त्यांच्या निधनानंतर पदांना चाली देणारे टेंबे स्वतःच त्या भूमिकेत उतरले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. पुढे दीनानाथांनी आपल्या गळ्याला मानवेल अशा नव्या चाली काही पदांना घेतल्या. शब्द खाडिलकरांचेच राहिले. परंतु दीनानाथांच्या चपळ, आक्रमक तानेतून धैर्यधराचे शौर्य निराळ्या रीतीने ऐकू आले. याला बदली म्हणणे अपुरे आहे. तो त्याच संहितेचा दुसरा अन्वय होता.

असा अन्वय शक्य झाला, याला त्या काळाच्या विस्मरणशीलतेचाही हातभार होता. भारतात व्यावसायिक तबकड्यांचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले; भाऊराव त्याआधीच गेले होते. त्यांचा आवाज केवळ ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरला. आठवण गौरव करते, अतिशयोक्तीही करते. पण ती हळूहळू झिजते आणि नव्या गळ्याला वाट देते. तबकडी झिजली तरी तिच्यातली तान बदलत नाही. तिच्यातला गायक म्हातारा होत नाही आणि त्याचा कधी वाईट प्रयोगही होत नाही. ध्वनिमुद्रणानंतर येणाऱ्या प्रत्येक वारसाची तुलना अशा एका अढळ प्रमाणाशी होऊ लागली.

‘कट्यार काळजात घुसली’ हे या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचे हे नाटक १९६७ मध्ये आले आणि वसंतराव देशपांडे म्हणजेच खाँसाहेब हे समीकरण दृढ झाले. एका घराण्याची गायकी परक्या गळ्यात जावी की नाही, हाच या नाटकाचा विषय. खाँसाहेबांची विद्या मिळवू पाहणारा सदाशिव आणि वसंतरावांनंतर खाँसाहेब उभा करू पाहणारा प्रत्येक नट, हे दोघे एकाच उंबरठ्यावर उभे असतात. १९८३ मध्ये वसंतराव गेले, तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. २०१० मध्ये त्यांनी ही भूमिका केली तेव्हा आजोबांसमोर बसून घेतलेल्या तालमीचा आधार त्यांना असणे शक्यच नव्हते. जतन झालेला आवाज हा त्या वारशाचा मोठा भाग होता. म्हणजे जी तबकडी वारसाला अडवते, तीच त्याला शिकवतेही. २०१५ च्या चित्रपटात तर खाँसाहेबांचा देह सचिन पिळगावकरांचा आणि गाणे राहुल देशपांडे यांचे होते. रंगमंचावर एका माणसात एकवटलेली भूमिका पडद्यावर दोघांत वाटली गेली. आणि गळा व देह यांची जी फारकत संगीत नाटकात करता येत नाही, ती तिथे निर्वेधपणे झाली.

जुना प्रेक्षक नव्या नटाचे पद ऐकताना दोन आवाज ऐकतो. नव्या प्रेक्षकाला एकच ऐकू येतो. पहिल्याचे ऐकणे समृद्ध असते, पण ते न्याय्य असतेच असे नाही. समीक्षेने बहुतेक वेळा त्याचीच बाजू घेतली आहे. ‘मूळ नटाची सर नाही’ या वाक्यावर परीक्षण संपते आणि नव्याने काय सांगितले याची नोंदच राहत नाही. परिणाम असा की बदली आलेला नट सुरक्षित अनुकरणाकडे वळतो. आणि अनुकरण कितीही हुबेहूब असले तरी प्रेक्षक मनाशी तबकडीच ऐकत राहतो. धैर्यधराला चार गळे लाभले म्हणून ती भूमिका टिकली. त्यांतील एकाचीच तबकडी प्रमाण मानून इतरांना नापास केले असते, तर आज अभ्यासकाच्या हाती फक्त छापील पदे उरली असती.