निकालाआधीचा खडू

देवरूखात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. बाहेर एक फळा टांगलेला असतो, 'ऑईल आले आहे', 'जुन्या बॅटरीवर सूट' असलं काही लिहायला. 2007 साली मी त्यावर फॉर्म्युला वनचे निकाल लिहायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या संगमेश्वर तालुक्यात पावसाळ्यातल्या नांगरणी स्पर्धेत कुणाची जोडी पळेल यावर माणसं तासन्‌तास भांडतात. तिथे हॅमिल्टन आणि अलोन्सो यांच्यासाठी गिऱ्हाईक जमवणं हा माझा एकट्याचा उद्योग. त्यात मी जे तोंडावर पडलो, ते बहुतेक वेळा हंगामाच्या शेपटाला. मार्च ते ऑगस्ट माझे अंदाज बरे असत. ऑक्टोबर लागला की अक्कल गहाण पडे.

पहिल्याच वर्षी दोन शर्यती उरल्या असताना हॅमिल्टनचे 107 गुण होते, अलोन्सोचे 95, रायकोनेनचे 90. तेव्हा जिंकणाऱ्याला दहाच गुण मिळत. म्हणजे रायकोनेनला दोन शर्यतींत सतरा गुणांची दरी भरायची होती. मी फळ्यावर लिहिलं, 'हॅमिल्टन चॅम्पियन, फक्त शिक्का बाकी.'

7 ऑक्टोबरला शांघायची शर्यत लागली. सुरुवातीला ट्रॅक ओला, मग हळूहळू सुकत गेलेला. हॅमिल्टनच्या गाडीला ओल्या-सुक्याच्या मधले टायर होते आणि सुक्यावर ते भराभर झिजत होते. मागच्या टायरचं रबर संपून आतलं कापड दिसायला लागलं तरी संघाने त्याला आत बोलावलं नाही. शेवटी बोलावलं तेव्हा पिटकडे वळणाऱ्या वाटेवर गाडी घसरली, खडीत रुतली आणि शर्यत तिथेच संपली. मी टायर विकतो. गोटा झालेला टायर घेऊन कुणी आंबा घाट उतरायला निघाला तर त्याला दुकानातून हलू देत नाही. आणि त्या दुपारी तसाच टायर पडद्यावर दिसत असताना मी घरच्यांना सांगत होतो, "काही होत नाही, पुढे आहे तो." दोन आठवड्यांनी ब्राझीलमध्ये त्याच्या गिअरने दगा दिला, तो सातवा आला आणि रायकोनेन जिंकला. 110, 109, 109. एका गुणाने. फळ्यावरचं वाक्य मी रात्रीच जाऊन पुसलं. पुसायच्या आधी निम्म्या बाजारपेठेने ते वाचलेलं होतं.

पुढच्या वर्षी ठरवलं, झेंडा पडल्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही. ठरवल्याप्रमाणे वागलोही. चूक वेगळीच निघाली.

2 नोव्हेंबर 2008, पुन्हा ब्राझील. आपल्याकडे रात्री साडेदहाची वेळ, पावसामुळे सुरुवात आणखी दहा मिनिटं पुढे गेली. हॅमिल्टन 94, फेरारीचा मासा 87. मासा जिंकला तर हॅमिल्टनला निदान पाचवं यायला हवं. मासा आपल्या गावच्या ट्रॅकवर पहिल्यापासून पुढे होता. शेवटी पाऊस आला, बहुतेकांनी टायर बदलले आणि दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकलं. हॅमिल्टन सहावा. मासाने रेषा ओलांडली, झेंडा पडला, फेरारीच्या गॅरेजात त्याच्या घरचे मिठ्या मारायला लागले. बारा वाजून गेले होते, सकाळी दुकान उघडायचं होतं. मी टीव्ही बंद केला.

झेंडा पडला होता, पण तो मासासाठी. हॅमिल्टन अजून ट्रॅकवर होता. त्याच्या पुढे टोयोटाचा टिमो ग्लॉक सुक्या टायरवर ओल्या रस्त्यातून कसाबसा गाडी रेटत होता. शेवटच्या वळणांवर हॅमिल्टनने त्याला गाठलं आणि पाचवा आला. 98 विरुद्ध 97. मासाचं विजेतेपद मिनिटभरही टिकलं नाही. देवरूखात मात्र ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं, कारण सकाळी सात वाजता मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मासा जगज्जेता.' शर्यत मध्यरात्रीनंतर संपलेली, त्यामुळे सकाळच्या पेपरातही निकाल नव्हता. माझा फळा हेच एकमेव वृत्तपत्र. संध्याकाळी कॉलेजातला एक पोरगा येऊन हळूच म्हणाला, "काका, शेवटचं वळण राहिलं तुमचं." फळा खोटा ठरवायची त्याची पद्धत सभ्य होती, एवढंच.

एका गोष्टीचं समाधान आहे. 2010 मध्ये अबू धाबीला माझ्याच जातीची चूक फेरारीने केली. अलोन्सो 246, वेबर 238, व्हेटेल 231. फेरारीचे सगळे डोळे वेबरवर. तो टायर बदलायला गेला म्हणून यांनीही अलोन्सोला आत बोलावलं. बाहेर आला तो पेट्रोव्हच्या मागे अडकला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. तिकडे व्हेटेल शर्यतही जिंकला आणि विजेतेपदही. पगारी तज्ज्ञांचा ताफा चुकीच्या माणसाकडे बघत बसतो, तर मी कोण!

पण फळा पुसता येतो. पुढची चूक तशी नव्हती.

2011 मध्ये ग्रेटर नोएडाजवळ बुद्ध इंटरनॅशनल सर्किट झालं आणि 30 ऑक्टोबरला भारतातली पहिली ग्रांप्री ठरली. मी म्हटलं, दिवाळी नुकतीच झाली आहे, पैसे अडकलेत, पुढच्या वर्षी जाऊ. त्या शर्यतीचा झेंडा सचिन तेंडुलकरने दाखवला, तो मी टीव्हीवर पाहिला. शिवाय नारायण कार्तिकेयन मायदेशाच्या ट्रॅकवर उतरला होता. 2012 ची शर्यत 28 ऑक्टोबरला, ऐन भातकापणीत. पुन्हा पुढच्या वर्षावर ढकललं. खरं तर भारतातल्या तिन्ही वर्षांपैकी बघण्यासारखं वर्ष तेच. भारतात येताना व्हेटेल 215, अलोन्सो 209, फक्त सहा गुणांचा फरक. इथे व्हेटेल पहिला, अलोन्सो दुसरा. हंगाम संपला तेव्हा व्हेटेल तीन गुणांनी पुढे राहिला. इथली पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची उलटापालट झाली असती तर विजेता बदलला असता. मी तेव्हा खळ्यावर होतो.

शेवटी 2013 ला गेलो. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन. गेलो तेव्हा स्पर्धा संपल्यातच जमा होती. चार शर्यती उरलेल्या आणि व्हेटेल नव्वद गुणांनी पुढे. पाचवा आला तरी पुरे. मेन स्टँडचं तिकीट महाग म्हणून मी मागच्या लांब सरळ रस्त्याजवळची जागा घेतली, तिथे गाड्यांचा वेग सर्वांत जास्त असतो या हिशोबाने. वेग होता. गाडी दिसायची आणि जायची. कानात बोळे घालायला सांगितलं होतं, मी म्हटलं, आयुष्य सायलेन्सर फाटलेल्या रिक्षांच्या संगतीत गेलं आहे. 2.4 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला अठरा हजार फेरे घेतं तेव्हा ते काय करतं, हे मला चौथ्या गाडीला कळलं. पुढच्या वर्षीपासून ती इंजिनं गेली, सहा सिलिंडरची टर्बो आली. तो आवाज ऐकायला मिळाला हे माझं नशीब, रुमाल फाडून कानात कोंबावा लागला ही माझी अक्कल.

दुसरी फेरी संपताच व्हेटेल पिटमध्ये गेला आणि एकदम सतराव्या जागेवर फेकला गेला. मी शेजारच्या नागपूरच्या मुलांना ज्येष्ठाच्या थाटात सांगितलं, "गाडी गेली. बिघाड आहे." बिघाड नव्हता. पहिल्या दहांत पात्र ठरलेल्यांना पात्रता फेरीतल्याच टायरवर सुरुवात करावी लागे, आणि शर्यतीत दोन्ही प्रकारचे टायर वापरणं सक्तीचं. मऊ टायर टिकणार नव्हते, म्हणून त्याने ते लगेच टाकून दिले. शांघायला टायर न बदलल्याने बुडालेला मी पाहिला होता. इथे वेळेत बदलणारा समोर होता आणि दोन्ही वेळा मला उलटंच दिसलं. व्हेटेल एकेकाला मागे टाकत जिंकला. पहिल्याच फेरीत धडकेने पुढचा पंख मोडलेला अलोन्सो अकरावा आला. चौथं सलग विजेतेपद मिळाल्यावर व्हेटेलने गाडी मेन स्टँडसमोर आणून गोल गोल फिरवली, धुराचे लोट उठवले, उतरून गाडीपुढे गुडघे टेकले. शिस्त मोडल्याबद्दल संघाला पंचवीस हजार युरो दंड झाला. त्या हंगामात काही ठिकाणी त्याची हुर्यो झाली होती, इथे लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. हे सगळं मी दूरच्या पडद्यावर पाहिलं. म्हणजे घरी दिसलं असतं त्याहून लहान.

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात भारत नाही, हे तेव्हाच जाहीर झालं होतं. कर आणि पैशांचे वाद होते. मी नागपूरच्या मुलांना म्हटलं, 2015 ला भेटू, मेन स्टँडवर. फॉर्म्युला वन परत आलीच नाही.

आता मी फळ्यावर शर्यतीचे निकाल पूर्ण खात्री झाल्यावरच लिहितो, त्याचाही अतिरेक होतो. 2021 ला अबू धाबीत वेर्स्टापेन आणि हॅमिल्टन 369.5 गुणांवर बरोबरीत उतरले, शेवटच्या फेरीत वेर्स्टापेन पुढे गेला, मग तक्रारी सुरू झाल्या. हॅमिल्टनचा संघ मर्सिडीज अपील करणार नाही हे 16 डिसेंबरला कळेपर्यंत फळा कोरा होता. सगळ्या गावाला निकाल मोबाईलवर केव्हाच मिळाला होता.

सप्टेंबर 2023 मध्ये बुद्ध सर्किटवर मोटरसायकलींची मोटोजीपी आली. गौरी-गणपतीचं विसर्जन 23 ला, शर्यत 24 ला. कोकणातला माणूस त्या दिवसांत दिल्लीला जातो होय? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. बेझेकी जिंकला, तो मी मोबाईलवर पाहिला. 2024 ची भारतातली शर्यत रद्द झाली.